रुजल्याचा निरोप

१

छाट आणि गुटी यांत फरक काय, हे आमच्या आळीतल्या बायकांना समजावता समजावता माझी सात वर्षं गेली. दर रविवारी सकाळी नऊला लोणावळ्यातल्या माझ्या ओसरीवर पाच-सहा जणी जमत. शाळेत मी शास्त्र शिकवायचो. शाळेतली पोरं जे कानाआड करत, ते या बायका मन लावून ऐकत आणि घरी जाऊन नेमकं उलटं करत.

"भामाबाई, फांदी तोडून मातीत खोचली तर ती छाट. झाडावर असतानाच तिला मुळं फुटवून घेतली आणि मग तोडली, तर ती गुटी."

"पन मास्तर, शेवटी तोडायचीच ना?"

"तोडायचीच. पण आधी मुळं, मग तोडणं. उलट केलं तर फांदी मरते."

मग मी आमच्या जास्वंदीवर करून दाखवायचो. पेन्सिलीएवढी जाड फांदी धरायची. तिच्यावरची बोटभर रुंदीची साल बांगडीसारखी गोल काढायची. तिथं ओलं शेवाळ बांधायचं, वरून गोणपाट, वरून सुतळी. आतल्या लाकडातून पाणी वर चढत राहतं म्हणून फांदी जगते. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, ते मात्र त्या बांगडीपाशी अडतं. तिथं फुगवटा येतो आणि फुगवट्याला मुळं फुटतात. पुस्तकात त्यांना आगंतुक मुळं म्हणतात.

माझी बायको कस्तुरा उंबऱ्यात तांदूळ निवडत हे ऐकायची आणि गालात हसायची. तिला यातला एक शब्द येत नव्हता. पेर कशाला म्हणतात विचारलं तर ती बोट ठेवून दाखवायची, सांगायची नाही. पण तिनं खोचलेली काठीसुद्धा रुजायची, आणि माझ्या शास्त्रशुद्ध गुट्यांतल्या निम्म्या वाळायच्या. याचा मला राग यायचा, हे कबूल करतो.

ती पवन मावळातली. तिच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण ते आता कुठल्याच नकाशात नाही. त्या साली धरणाची भिंत पुरी झाली आणि येत्या पावसात पाणी अडवणार असं ठरलं. माणसं चैत्रातच उठून गेली होती. तिच्या माहेरच्या अंगणात तिच्या आईनं लावलेला अनंत होता, पुरुषभर उंच, पावसाच्या तोंडाशी पांढराधोप फुलणारा. आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

"तेवढं झाड आना," कस्तुरा म्हणाली. चोवीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलं.

२

अख्खं झाड आणणं शक्य नव्हतं. मृगात आम्ही दोघं जाऊन तीन गुट्या बांधून आलो. साल मी काढली, शेवाळ तिनं बांधलं. गुटीला मुळं धरायला दोन महिने तरी लागतात, आणि तोवर पाणी अंगणात येणार नाही असा माझा हिशेब होता.

हिशेब चुकला. आषाढाच्या शेवटी कामशेतच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, पाणी वरच्या आळीला लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा अंगणात गुडघाभर तांबडं पाणी होतं. घराचे वासे-कौलं लोक आधीच घेऊन गेले होते. नुसत्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांचा लेप विरघळून पाण्यात उतरत होता. मी एक गुटी उलगडली. फुगवटा आला होता, मुळं नव्हती.

"अजून पंधरवडा हवा," मी म्हणालो.

"पानी थांबंल व्हय पंधरा दिस?"

मी चाकू चालवला. ज्या गोष्टीसाठी मी भामाबाईला सात वर्षं रागावलो, तीच मी केली. कस्तुरा फांदी धरून उभी होती. तिसरी फांदी तुटली तेव्हा ती दचकून मागं सरली, आणि मी विचारल्यावर म्हणाली, काही नाही, पायाला गार लागलं.

परतताना कामशेतला तिच्या चुलतीकडे, झुंबरकाकीकडे, थांबलो. धरणातून उठलेली काही घरं तिथं पत्र्याच्या छपरांखाली राहत होती. म्हातारीनं गुट्यांकडे पाहिलं, हात फिरवला.

"रुजलं की जाऊन सांगून ये गं आईला," ती कस्तुराला म्हणाली. "आपल्यात सांगत्यात. माहेरचं झाड लेकीच्या दारात रुजलं, की लेकीनं परतून यावं आन् मूळ झाडाला हात लावून सांगावं, रुजलं म्हनून. सांगितल्याबिगर आईचा पान्हा आटत न्हाई."

"काकी, मूळ झाड तर आठ दिवसांत पाण्याखाली जाईल," मी म्हणालो.

"मंग काय करावं मास्तर? तुमी शिकलेली मानसं. तुमीच सांगा."

मला तेव्हा हसू आलं होतं. कस्तुराला आलं नाही.

३

तीन कुंड्यांत तीन गुट्या लावल्या. पोयटा, कुजलेलं शेणखत, थोडी वाळू, सगळं मापात. गौरीच्या सणापर्यंत दोन वाळल्या. तिसरीनं मात्र पान टाकलं नाही. उलट दिवाळीपर्यंत तिला दोन नवे फुटवे आले.

मुळं धरली असतील असं समजून मी एका सकाळी कुंडी आडवी केली आणि माती हलकेच मोकळी केली. फुगवटा तसाच होता. एकही मूळ नव्हतं.

छाट महिनाभर आपल्या साठ्यावर हिरवी राहू शकते. तीन महिने नाही. नवे फुटवे तर नाहीच. मी गुटी परत लावली, आणि शास्त्राचा मास्तर करील तेच केलं. पाणी बंद केलं. शेजारी तशीच दुसरी कुंडी नुसत्या मातीची ठेवली, तिलाही पाणी बंद. दोन आठवड्यांत दोन्ही कुंड्यांची माती फुफाट्यासारखी कोरडी झाली.

पण पहाटे ओसरीवर आलो की अनंताच्या प्रत्येक पानाच्या टोकाशी थेंब लोंबत असे. दव म्हणावं तर शेजारच्या जास्वंदीवर नसे. याला बिंदुस्राव म्हणतात. जमिनीत पाणी फार झालं, झाडाच्या अंगात मावेनासं झालं, की झाड ते पानांच्या टोकातून टाकून देतं. ओल्या वाफ्यात हे मी शंभरदा पाहिलं होतं. इथं बोट मातीत खुपसलं तर नखात धूळ येत होती.

एक थेंब मी चाखून पाहिला. तांबड्या मातीची आणि भिंतीच्या लेपातल्या शेणाची चव होती. मी तोंड खळखळून धुतलं आणि रविवारच्या वर्गात याबद्दल काही बोललो नाही. भामाबाईनं विचारलं, एवढ्या वाळल्या मातीत हे कसं जगलं? मी म्हणालो, अनंत चिवट असतो.

४

झोपताना कस्तुराच्या उशाशी तांब्या-भांडं ठेवायचं काम लग्नापासून माझं. तिला तहान फार, रात्रीत निम्मा तांब्या रिकामा व्हायचा. सकाळी उरलेलं पाणी मी जास्वंदीला घालायचो. कार्तिकात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी जास्वंदीला रोज भरलेला तांब्या घालतोय.

कधीपासून, ते आठवेना. हातानं रोज केलेल्या गोष्टीकडे डोळे बघत नाहीत. मग मी बघायला लागलो. जेवताना तिच्या ताटाजवळचं भांडं तसंच राही. चहा ती ओठांना लावून खाली ठेवी आणि मी आत गेलो की मोरीत ओती. पूर्ण तीन दिवस मी पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी रजा काढून घरात बसलो. तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही.

आणि ती टवटवीत होती. गाल भरले होते. हात गार आणि ओलसर, आत्ताच भांडी घासून उठल्यासारखे. केसांच्या मुळाशी पहाटे बारीक थेंब असत. पदरानं टिपून ती कामाला लागे.

डॉक्टरांकडे नेली. ते म्हणाले, बाईंची तब्येत उत्तम आहे, तुम्हीच थोडी झोप घ्या.

"तू पाणी का पीत नाहीस?" मी शेवटी विचारलं.

"तहान न्हाई लागत." ती जरा लाजली. "अवं, पोट भरल्यासारकं वाटतंय. लहानपनी आईपाशी निजल्याव वाटायचं तसं."

तिच्या तोंडावर असं समाधान मी चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी भ्यायला हवं होतं, आणि भ्यालोही. पण त्याच्या आधी मला वाईट वाटलं, ते वेगळ्याच कारणानं.

५

मार्गशीर्षात अनंत फुलला. त्याचे हे दिवसच नव्हेत. एकच फूल, तळहाताएवढं, आणि त्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत. कस्तुरा दुपारी कामं उरकून कुंडीशेजारी बसायची, एक कान त्या बाजूला कलता ठेवून. कधी मध्येच मान हलवायची.

एका दुपारी ती दळण आणायला गेली तेव्हा मी कुंडीला कान लावला. आत आवाज होता. विहिरीत घागर तिरकी करून बुडवली की भरताना येतो, तो. तो थांबला. मग लांबून बाईमाणसाच्या बांगड्या वाजल्या. मी चटकन उठलो. बांगड्या शेजारच्या घरात वाजल्या असतील. असतीलच. आमच्या भिंती काही फार जाड नाहीत.

त्या संध्याकाळी मी कुंडी उचलून भुशीच्या रस्त्याला लागलो. कस्तुरा देवापाशी दिवा लावत होती. मैल-दीड मैलावर करवंदीच्या जाळीत कुंडी ठेवली आणि मागं न बघता परतलो. मनात एकच होतं. हिचं माणूस मी आहे. हिला तहान लागली पाहिजे आणि ती माझ्या घरच्या पाण्यानं भागली पाहिजे.

घरी आलो तर ती देवापुढेच आडवी पडली होती. ओठ फुटले होते, जीभ कोरडी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. दीड तासात. मी तोंडात पाणी घातलं. ते गिळलं जाईना, ओघळून कानापाशी गेलं. तिनं डोळे उघडले आणि मला ओळखलं.

"कुटं ठिवलं?" एवढंच विचारलं.

मी धावत गेलो. माझ्या वयाला आणि पेशाला न शोभेल असा धावलो. कुंडी छातीशी धरून परत आलो तेव्हा भामाबाई तिच्या उशाशी बसली होती, आणि कस्तुरा उठून तिला सुपारी कातरून देत होती. भामाबाई म्हणाली, अंगावरचं दूध सुटल्यावर पोरं अशीच पडतात बघा, आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं की आपण असं का बोललो.

६

त्यानंतर मी कुंडीला हात लावला नाही. जसा चालला होता तसा संसार चालू दिला. खरं सांगायचं तर त्या माघ-फाल्गुनात ती माझ्याशी फार गोड वागली, आणि माणूस किती लवकर कशालाही सरावतो याचं मला आश्चर्य वाटतं.

पण चैत्रापासून धरणाचं पाणी सोडायला लागले. पाणी उतरेल तसे पहाटेचे थेंब बारीक झाले. वैशाखात थेंब येणं बंद झालं. पानं खाली वळली, कडा तपकिरी पडल्या. मी घागरीनं पाणी घातलं. ते कुंडीच्या भोकातून जसंच्या तसं खाली आलं. मूळच नव्हतं तर पिणार कोण?

कस्तुराही वाळू लागली. आवाज बसला. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एक दिवस ती भिंत धरून ओसरीवर आली आणि म्हणाली, "आता आंगन उघडं पडलं आसंल. मला सांगून यायला पायजे. सांगितलं की ती सोडंल, मग मी तुमच्या हातचं पानी पिईन."

"नक्की?"

"काकी म्हनली ना तसं."

माझं सगळं शिक्षण म्हणत होतं की हा खुळेपणा आहे. पण शिक्षणाजवळ दुसरा उपाय नव्हता. एक वाक्य झाडाला हात लावून म्हणायचं आणि बायको परत मिळवायची. सौदा वाईट नव्हता. ते वाक्य काय आहे याचा मी नीट विचार केला नाही.

७

कामशेतपर्यंत गाडीनं, पुढे एस.टी.नं, मग पायी. उन्हाला मी तिच्यावर छत्री धरली होती. धरणाचं पाणी आटून लांब गेलं होतं. वरच्या बाजूची जमीन भेगाळली होती, खाली गावाच्या जागेवर अजून ओला चिखल होता. भिंतींचे नुसते ढीग. तिच्या माहेराचं दगडी जोतं आणि दोन पायऱ्या तेवढ्या शाबूत होत्या.

अनंत उभा होता. दहा महिने पाण्याखाली राहून काळा पडलेला, एक पान नाही. मेलेलं झाड होतं ते, यात मला शंका नाही. माझे तीन घाव मी ओळखले. दोन वाळून चिरले होते. तिसरा ताजा होता. हिरवट, बुळबुळीत, आज सकाळी कापल्यासारखा, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

कस्तुरानं चपला पायरीवर काढल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि चिखलात उतरली. चारच पावलं. तिनं तळहात त्या घावावर ठेवला. ठिबकणं थांबलं. मी पायरीवर उभा राहिलो, कारण हे तिनं एकटीनं करायचं होतं.

बराच वेळ गेला. वारा नव्हता. लांब पाण्याकाठी एक टिटवी ओरडत होती.

"सांगितलंस का?" मी विचारलं.

"न्हाई."

"सांग की. पानं आली, फुटवे आले, फूलसुद्धा आलं. रुजलं म्हणून सांग."

तिनं मान वळवली नाही. "फांदीचं कोन इचारतंय?"

मला कळलं.

"ती मला इचारतीया, रुजलीस का म्हनून," कस्तुरा म्हणाली. "पंचवीस वर्सं झाली. तुमी लय चांगलं वागिवलं. कदी आवाज चढिवला न्हाई. पोर न्हाई झालं तरी एका शबदानं बोलला न्हाई. कशाला नाव ठिवायला जागा न्हाई बगा. पन तिच्या आंगाला हात लावून खोटं कसं बोलू?"

मला रागवायचं होतं. मला विचारायचं होतं, मग इतकी वर्षं उंबऱ्यात बसून तू कुणासाठी हसत होतीस. तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं. नको सांगूस. चल, घरी जाऊ. काहीतरी करू."

"पाय निघना."

धरणाचा गाळ पाय ओढून धरतो, हे कुणीही सांगेल. मी पायरीवरून पुढं जाऊन एका ढिगावर गुडघे टेकले, तिचा घोटा धरला आणि दुसऱ्या हातानं टाचेजवळचा चिखल बाजूला केला. टाच थोडी उचलली गेली. तिच्या तळव्यापासून खाली चिखलात पांढरी, सुतासारखी बारीक, दाट काहीतरी गेलं होतं. मी ओढल्यावर त्यातले दोन-चार धागे ताणले, आणि कस्तुरा वरती वेदनेनं हलकेच कण्हली.

मी बघायचं थांबवलं. चिखल परत टाचेभोवती लोटला आणि बोटांनी दाबून घट्ट बसवला. ते माझ्या हातांनीच केलं, मी नव्हे. आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं त्यांनी.

वर पाहिलं तर तिचे ओठ ओले झाले होते. गालांवर रंग येत होता. इतकी सुंदर ती मला लग्नातही दिसली नव्हती, आणि ती माझ्याकडे मायेनंच पाहत होती. ती माया खोटी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"तुमी जावा आता," ती म्हणाली. "येस्टी चुकंल. आठ दिसांत पाऊस हाय, मंग वाट ऱ्हानार न्हाई."

"मी इथंच थांबतो."

"येडं काय बोलता. तुमचं हितं कोन हाय?"

"तू," मी म्हणालो. मागं येऊन चपला पायरीवर काढून ठेवल्या, आणि चिखलात उतरलो.